खांद्याला पेलेल ते काडतूस: कोलोरॅडोतल्या पहिल्या एल्क शिकारीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी कोलोरॅडोत राहतो आणि शिकारीचा परवाना काढण्याआधी जो सुरक्षा-वर्ग करावा लागतो, तिथे स्वयंसेवक म्हणून शिकवतो. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे हा वर्ग सक्तीचा आहे. तीन वर्षांपूर्वी वर्गात एक मराठी तरुण आला. वय अडतीस, मूळचा सातारा जिल्ह्यातला, डेन्व्हरजवळ सॉफ्टवेअरच्या नोकरीत. घरी बायको आणि सात वर्षांची मुलगी. त्याच्या आजोबांची बाराबोरची दुनळी होती. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर ती भिंतीवर गेली आणि तिथेच राहिली. त्यामुळे शिकारीच्या गोष्टी त्याने भरपूर ऐकल्या होत्या, रायफल मात्र हातात कधी धरली नव्हती.

त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी इथेच सांगतो: एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे. वैध शिकारी परवाना हा त्यातला एक अपवाद. पण हे प्रकरण अंगाशी आलं तर देशात राहण्यावरच गदा येते. म्हणून मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा.

आता जनावराविषयी. युरोपात ‘एल्क’ म्हटलं की मूस समजतात, म्हणजे याहून मोठं, वेगळंच हरीण. इथला एल्क म्हणजे वापिटी. तोही सांबराच्याच कुळातला, पण अंगाने बराच मोठा. आपल्याकडचा थोराड सांबर नर जेवढा भरेल, साधारण तेवढी एल्कची मादी भरते, सव्वादोनशे किलोच्या आसपास. नर तीनशेच्या पुढे जातो. खांद्याचं हाड जाड, फासळ्या रुंद, आणि फुफ्फुसात गोळी बसली तरी शंभर पावलं चालून जाण्याइतकी धमक. काडतुसाचा प्रश्न यातूनच उभा राहतो.

एप्रिलमध्ये त्याने मादीच्या परवान्यासाठी सोडतीत अर्ज केला आणि तो लागला. ऑक्टोबरच्या अखेरचा दुसरा रायफल हंगाम, राज्याच्या वायव्येकडचा फ्लॅट टॉप्सचा पठारी मुलूख, उंची नऊ हजार फुटांच्या वर. पहिल्याच वर्षी हे मिळणं नशिबाचं.

अडचण

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. “काका, रायफल घेतली. थ्री हंड्रेड विन मॅग.”

म्हणजे .३०० विन्चेस्टर मॅग्नम. १९६३ पासूनचं, एल्कसाठी नावाजलेलं काडतूस. १८० ग्रेनची गोळी (साडेअकरा ग्रॅमच्या थोडी वर) सेकंदाला २,९६० फुटांच्या वेगाने सोडतं. नळीच्या तोंडाशी साडेतीन हजार फूट-पौंड ऊर्जा. ऑफिसमधल्या दोघांनी त्याला सांगितलं होतं की एल्कला मॅग्नमच लागतं, आणि दुकानदाराने त्यावर मान डोलावली होती. सल्ला चुकीचा नव्हता. तो कोणाला दिला जातोय, हे मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

आम्ही रेंजवर गेलो. बाकावर वाळूच्या पिशव्यांत रायफल टेकवून १०० यार्डांवर त्याच्या तीन गोळ्या तीन इंचांत बसल्या. ठीक. मग म्हटलं, आता जमिनीवर बस, गुडघ्यांवर कोपर टेक आणि मार. रानात बाक नसतो. बसून मारलेल्या पाच गोळ्या दहा इंचांत विखुरल्या, आणि त्यातल्या बहुतेक खाली आणि डावीकडे. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या अशा खाली-डावीकडे जायला लागल्या की मला पुढचं कळतं.

खात्री करायला मी जुनी युक्ती केली. त्याला पाठ करून उभं केलं, रायफल मी भरली आणि दोन खऱ्या काडतुसांनंतर एक नकली घातलं. कितवं नकली आहे हे त्याला माहीत नाही. नकलीची पाळी आली, त्याने चाप ओढला, आवाज झाला नाही. पण नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं आणि डोळे गच्च मिटले. धक्का बसायच्या आधीच शरीर धक्क्याला उत्तर देत होतं. त्याला ते स्वतःला दिसलं आणि तो बराच वेळ गप्प बसला.

याला इथे फ्लिंच म्हणतात. त्यात भित्रेपणा काही नाही. कानाजवळ स्फोट आणि खांद्यावर ठोसा बसला की शरीर शहाणपणाने शिकतं की पुढच्या वेळी आधीच आकसायचं. एकदा ही सवय लागली की ती मोडायला महिने जातात. आमच्या हातात दहा आठवडे होते.

समोरचे पर्याय

कायद्यापासून सुरुवात केली. कोलोरॅडोत एल्कसाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची (म्हणजे नळीचा व्यास इंचात), गोळी किमान ८५ ग्रेनची आणि फुलणारी, म्हणजे अंगात शिरल्यावर पसरणारी, आणि १०० यार्डांवर तिची ऊर्जा किमान १,००० फूट-पौंड लागते. हा उंबरठा फार खाली आहे. .२४३ विन्चेस्टर तो सहज ओलांडतं. पण नवशिक्याच्या हाती एल्कसाठी मी ते देणार नाही. कसलेला माणूस फासळ्यांमागचा कोन साधून त्याने काम करील. नवख्याची गोळी चार बोटं पुढे सरकून फऱ्याच्या हाडावर बसली, तर हलक्या गोळीला आत जायला पुरेसा जोर उरत नाही.

मग खरे उमेदवार राहिले. आहे तीच .३०० ठेवायची आणि नळीच्या तोंडावर मझल ब्रेक बसवायचा, हा पहिला पर्याय. ब्रेकमुळे वायू बाजूला फेकला जातो, धक्का बराच कमी होतो. पण आवाज इतका वाढतो की शेजारी बसलेल्या माणसाचे कान कायमचे दुखावू शकतात. रानात ऐन वेळी कानात बोंडं घालायला सवड मिळेलच असं नाही, आणि शेजारी मीच असणार होतो. मी हा पर्याय लवकर बाजूला सारला. जरा जास्तच लवकर, त्याविषयी पुढे.

थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे १९०६ सालचं .३०-०६ स्प्रिंगफील्ड. या डोंगरांत शंभरहून जास्त वर्षं एल्क पाडत आलेलं काडतूस. १८० ग्रेनची गोळी २,७०० फुटांनी. धक्का मॅग्नमपेक्षा कमी, तरीही अंगाला जाणवणारा. १९२५ सालचं .२७० याच काडतुसाची मान आवळून केलेलं, तेही उत्तम.

६.५ क्रीडमूर, २००७ पासूनचं. याविषयी इथे दोन तट आहेत आणि दोघेही तावातावाने बोलतात. गोळी निमुळती आणि लांब असल्याने हवेत वेग राखते. १४३ ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर सुमारे १,६०० फूट-पौंड घेऊन पोचते, जवळपास पुढे येणाऱ्या .३०८ इतकीच. धक्का सगळ्यांत मऊ. उणेपणा एवढाच की गोळी बारीक आणि हलकी, त्यामुळे कोन बिघडला तर हाताशी राखीव कमी.

आणि .३०८ विन्चेस्टर, १९५२ सालचं. इथे मी कागदावर एक हिशेब मांडून दाखवला आणि त्याने बरंच काही ठरवलं. .३०० मॅग्नम आणि .३०८ दोन्ही एकाच व्यासाची गोळी मारतात, ७.८२ मिलिमीटरची. काडतुसाचं पोट मोठं, दारू जास्त, म्हणून मॅग्नमची गोळी वेगाने सुटते. फरक तेवढाच. १८० ग्रेनची तीच गोळी .३०८ मधून साधारण २,६२० फुटांनी निघते. हवेत दर शंभर यार्डांना पावणेदोनशे ते दोनशे फूट वेग झडतो हे धरलं, तर मॅग्नमने २८० यार्डांवरून मारलेला आणि .३०८ ने १०० यार्डांवरून मारलेला, दोन्ही घाव एल्कच्या अंगात सारखेच उतरतात. म्हणजे मॅग्नमच्या जादा पैशांत आणि जादा धक्क्यात आपण फक्त अंतर विकत घेतो. ते अंतर वापरायची तयारी नसेल तर घेऊन काय करायचं? आणि सारख्या वजनाच्या रायफलीत मॅग्नमचा धक्का .३०८ च्या दीडपटीच्या वर जातो.

एक गोष्ट त्याच्या यादीत नव्हतीच: गोळी कशी बनवली आहे. लोक काडतुसाच्या नावावर तासन्‌तास बोलतात आणि गोळी कोणती ते दुकानात जे शिल्लक असेल त्यावर ठरतं. मला हे उलटं वाटतं. १९४६ साली जॉन नॉस्लर कॅनडात मूसच्या शिकारीला गेले होते. हाताशी जबरदस्त मॅग्नम रायफल, पण चिखलाने माखलेल्या त्या मूसवर गोळ्या वरच्यावर फुटून गेल्या, आत पोचल्याच नाहीत. घरी येऊन त्यांनी मधे तांब्याचा पडदा असलेली गोळी घडवली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसत जातो. ती पार्टिशन गोळी १९४८ पासून आजतागायत विकली जाते. पुढे तांब्याचं वेष्टन आणि शिसं एकजीव केलेल्या बाँडेड गोळ्या आल्या, निव्वळ तांब्याच्या आल्या. हरणासाठी बनवलेली मऊ गोळी मॅग्नममधून जवळच्या अंतरावर एल्कच्या खांद्यावर मारली, तर नॉस्लर यांच्यासारखीच गत होऊ शकते.

काय ठरलं

निर्णय त्याने एका रात्रीत घेतला नाही, आणि ते मला आवडलं. तीन शनिवार तो रेंजवर आला आणि माझ्या व माझ्या एका मित्राच्या रायफली मारून पाहिल्या: .३०-०६, ६.५ क्रीडमूर, .३०८. प्रत्येक वेळी मधे नकली काडतूस. .३०-०६ वर तो अजून दचकत होता. क्रीडमूरवर नाही. .३०८ वर पहिल्या दिवशी थोडा, तिसऱ्या शनिवारी अजिबात नाही.

माझा कल .३०८ कडे होता, पण क्रीडमूर घेतली असती तरी मी अडवलं नसतं. त्याने सांगितलेलं कारण साधं होतं: “काका, माझ्याकडून चूक होईल असं धरूनच चाललोय. चूक झाली तर थोडी जाड गोळी बरी.” .३०० दुकानात परत देऊन बदल्यात .३०८ घेतली. त्यात काहीशे डॉलरचं नुकसान सोसलं.

गोळीचा निर्णय त्याच्या बायकोने घेतला म्हटलं तरी चालेल. शिशाची गोळी फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून वीतभर लांबच्या मांसातही सापडतात. पोरीच्या ताटात ते जाणार असेल तर शिसं नको, असं ती म्हणाली. म्हणून १५० ग्रेनची निव्वळ तांब्याची गोळी. तांब्याची गोळी फुलली तरी वजन जवळपास सगळं राखते, त्यामुळे ती थोडी हलकी चालते. पण तिला फुलायला वेग लागतो. कंपन्या किमान वेग सांगतात त्यावर थोडी भर घालून मी धडक बसताना २,२०० फूट ही मर्यादा धरली. आमच्या काडतुसात ती २५० यार्डांच्या थोडी पुढे संपत होती, आणि ऊर्जा तिथे १,६०० फूट-पौंडांच्या आसपास.

दुसरी मर्यादा त्याच्या हातांनी ठरवली. नऊ इंची कागदी ताटल्या लावल्या. काठ्यांचा आधार, बसून, प्रत्येक अंतरावर दहा गोळ्या, थंड नळी आणि वीस उठाबशा काढून चढलेला श्वास. २०० यार्डांवर दहापैकी दहा. २५० वर नऊ. ३०० वर सहा. मादीच्या फुफ्फुसांची जागा त्या ताटलीहून मोठी असते, तरी आम्ही २५० वर रेघ मारली. रायफल २०० यार्डांवर शून्य केली (तिथे नेम धरावा तिथेच गोळी बसेल अशी दुर्बीण जुळवली), म्हणजे १०० वर पावणेदोन इंच वर आणि ३०० वर आठेक इंच खाली. २५० च्या आत जिथे नेम धरायचा तिथेच धरायचा, डोक्यात हिशेब करायचा नाही.

रानात

पहिला दिवस रिकामा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर समोरच्या उतारावर अस्पेनच्या झाडांमधून अकरा माद्या उघड्यावर आल्या. अंतर मोजलं: ४२० यार्ड. आमच्या मधे खोल घळ, वारा आडवा. अजून पुढे सरकलो असतो तर त्यांना वास गेला असता. वीस मिनिटं त्या चरत राहिल्या आणि आम्ही नुसते बघत राहिलो.

“ती मोठी रायफल असती तर?” त्याने हळूच विचारलं.

त्याच्या आवाजातली तळमळ मला समजत होती. मी म्हटलं, त्या रायफलीने तू बसून शंभरावर दहा इंच पसरवत होतास. चारशे वीसवर ते चाळीस इंचांच्या वर जातं. मादीची छाती वरून खालपर्यंत तेवढी भरत नाही. तो काही बोलला नाही. माद्या झाडीत गेल्या. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत चांगला निर्णय हा वाटतो, आणि त्यात चाप ओढलाच गेला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी, उजाडून पंधरा मिनिटं झाली असतील. खाली गोठलेलं गवत, आम्ही पडलेल्या ओंडक्यामागे. एकटी मादी कुरणाच्या कडेला, १९० यार्डांवर, आमच्याकडे तिरकी पाठ करून. त्याने काठ्या मांडल्या, दोनदा श्वास सोडला. अशा कोनात गोळी मागच्या फासळ्यांतून आत शिरून पलीकडच्या फऱ्याकडे निघाली पाहिजे, हे आम्ही चित्र काढून शंभरदा घोकलं होतं. चाप ओढला तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. डोळे उघडे होते.

मादी पाठ वाकवून दोन पावलं चालली आणि थांबली. आणि इथे एक चूक झाली. तो बघतच राहिला. “भर, परत भर!” मी म्हणेपर्यंत ती देवदारांच्या गर्द झाडीत शिरली होती. एल्क उभा आहे तोवर दुसरी गोळी तयार हवी, आणि संधी असेल तर ती मारावी.

आम्ही अर्धा तास जागचे हललो नाही. त्या अर्ध्या तासात त्याचे हात थरथरत होते. मग माग काढला. गवतावर फेसाळ गुलाबी रक्त, म्हणजे फुफ्फुसं. सत्तर पावलांवर ती पडलेली होती. गोळी आरपार गेलेली, दोन्ही फुफ्फुसं भेदून, पलीकडच्या फऱ्याच्या पुढून बाहेर. त्याने तिच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. मी लांब उभा राहिलो.

निष्पत्ती

आतडी काढून चार तंगड्या आणि पाठीच्या पट्ट्या वेगळ्या करायला आम्हाला तीन तास लागले. एका तंगडीला मादी असल्याची खूण जोडलेलीच ठेवावी लागते, इथला नियम आहे. गाडीपर्यंत दोघांच्या मिळून चार खेपा. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग १९६७ साली याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सला, पहिल्यांदा दिसला होता. म्हणून डोकं तपासणीला दिलं आणि अहवाल येईपर्यंत मांस गोठवून ठेवलं. अहवाल स्वच्छ आला. दिवाळीनंतर त्याच्या घरी कोल्हापुरी वाटण लावून रस्सा झाला. वास थोडा वेगळा, पण मांस कोवळं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट क्रमाची. त्याने आधी रायफल घेतली, मग अंतर ठरवलं, मग खांदा तपासला. उलटं केलं असतं तर ते काहीशे डॉलर वाचले असते, आणि मुख्य म्हणजे ऑगस्टमध्ये फ्लिंच लागलीच नसती. सहा आठवडे आम्ही ती काढण्यात घालवले.

दुसरी चूक आम्हा दोघांची. सरावासाठी स्वस्त शिशाची काडतुसं वापरली आणि तांब्याची शेवटच्या पंधरवड्यात उघडली. त्याच रायफलीतून ती १०० यार्डांवर अडीच इंच उजवीकडे बसली. पुन्हा शून्य करावं लागलं. वेळ होता म्हणून निभावलं. शिकारीचं काडतूस महाग असलं तरी पहिल्या दिवशी त्याच्या दोन डब्या घ्याव्यात आणि शून्य त्यावरच करावं.

तिसरी माझी एकट्याची. मझल ब्रेकचा पर्याय मी स्वतःच्या कानांच्या काळजीने मोडीत काढला. इलेक्ट्रॉनिक इयरमफ घालून, हलक्या गोळ्यांनी, त्याच रायफलीवर तो सावरू शकला असता की नाही, हे आम्ही कधी तपासलंच नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ वर्षानुवर्षं .३३८ विन्चेस्टर मॅग्नम वापरतात, धक्का .३०० च्याही वर, आणि त्यांची गोळी चुकलेली मी पाहिलेली नाही. सेजब्रशच्या खुरट्या झुडपांच्या उघड्या मुलखात, नराच्या शिकारीला, असा हात असलेल्या माणसाला मी .३०८ घे म्हणणार नाही.

आणि दुसरी गोळी. ताटल्यांवर आम्ही एकेक गोळी मारून थांबत होतो, निकाल बघत होतो. शरीराने तेच शिकलं. आता मी वर्गात प्रत्येकाला मारल्याबरोबर, डोळा दुर्बिणीतून न काढता, बोल्ट (पुढचं काडतूस नळीत भरणारा खटका) ओढायला लावतो.

या वर्षी त्याच्या बायकोने सुरक्षा-वर्ग पूर्ण केला आहे. उंची पाच फूट एक इंच. नवऱ्याची .३०८ तिने खांद्याला लावली तेव्हा दस्ता इतका लांब पडला की डोळा दुर्बिणीपाशी पोचेना आणि मान ताणली गेली. काडतुसाचं नाव अजून कोणी काढलेलं नाही. शनिवारी आधी दस्त्याची लांबी मोजायची आहे, मग नकली काडतुसं घेऊन बसायचं आहे.